सात किलोंची बॅग

“उतरव! ती केळी उतरव आधी! विमान काय तुझ्या केळ्यांसाठी थांबणार आहे?”

फोटोवाले काका ओरडत होते. जागा निर्मळची, केळीवाल्या शेठची वखार. काकांचा आवाज असा, की तळ्याकाठचे बगळे उडाले ते थेट सोपाऱ्याला जाऊन बसले आणि पुढचा आठवडाभर तिकडचेच मासे खात राहिले. हमालाने मुकाट्याने आकड्यावरचं केळ्यांचं लोंगर उतरवलं. काकांनी छातीशी धरलेली काळी बॅग बोकड टांगावा तशी त्या आकड्याला लावली. वर थाळीएवढी तबकडी. तिच्यावरचा काटा थरथरत सातच्या पुढे गेला, मागे आला आणि साताला येऊन उभा राहिला.

“सात! मास्तर, सात! सूतभर इकडे नाही, तिकडे नाही!” मग हमालाकडे वळून म्हणाले, “विमानात हातात सातच किलो नेऊ देतात, कळलं?”

“आनि जास्त भरलं तर?”

“तर उतरवतात.”

“मधीच?” हमालाने आभाळाकडे बघत विचारलं.

सगळी वखार हसली. काकाही हसले, म्हणजे त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. मी हसलो नाही. मास्तर म्हणजे मी. वसई गावात बाजाराच्या तोंडाशी माझं दुकान होतं. स्कूटरच्या सीटची कव्हरं, रिक्षांचे हूड, शाळेची दप्तरं शिवायचो. ती काळी बॅग मीच शिवलेली होती.

आणि शेठचा तो काटा शेतकऱ्यांकडून माल घ्यायचा काटा होता. दहा किलोला आठ दाखवायचा. त्याच्यावर हत्ती टांगला असता तर म्हैस भरली असती. हे निर्मळपासून आगाशीपर्यंत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. लोक त्या काट्याला शिव्या देत आणि त्याच्यावरच केळी घालत, कारण दुसरा काटा दुसऱ्या शेठचा, आणि तो पावणेआठ दाखवायचा. पण त्या सकाळी हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. केळी वेगळी, विमान वेगळं. माझ्या डोक्यात आलं. मी बोलताना एकाचे दहा करतो, ही माझी ख्याती साऱ्या बाजारात. त्या दिवशी फक्त सातांचे पावणेनऊ करायचे होते. तेवढं जमलं नाही.

आता काका कोण ते सांगितलं पाहिजे. त्यांचं घर निर्मळला, स्वतःच्या केळीच्या वाडीत, स्टुडिओ माझ्या दुकानाच्या वरच्या माडीवर. लग्नाचे फोटो काढत, बारशांचे काढत, पण त्यांचा जीव मयतांत. आमच्या ख्रिस्ती घरांतून तेव्हा पद्धत होती, मयताच्या प्रार्थनेचा मिस्सा झाला की पेटी चर्चच्या पायऱ्यांवर ठेवायची आणि सगळ्या कुटुंबाने भोवती उभं राहून फोटो काढायचा. घरटी एखादा मुलगा गल्फला नाही तर बोटीवर. बापाचं तोंड बघायला यायची त्याला सुट्टी मिळत नसे. मग तोंड त्याच्याकडे पाकिटातून जायचं.

“मेलेला माणूस हे उत्तम गिऱ्हाईक,” काका म्हणायचे. “हलत नाही, हसत नाही, आणि मी असा दिसतो का म्हणून भांडत नाही.”

खिशात मेलेल्यांसाठी एक वेगळा कंगवा असे. आधी भांग नीट करत, मग लाकडी घडीच्या कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात शिरत आणि आतून ओरडायला लागत. त्या कॅमेऱ्याचं वजन एका तान्ह्या रेडकाएवढं, पण सदऱ्याचं प्रत्येक बटण मोजून घ्यावं असा त्याचा फोटो. आतून आवाज यायचा, “रडा, पण हलू नका! पाणी वाहू द्या, हात लावू नका!” एकदा तर त्यांनी चालू फोटोत फादरांना दटावलं, की प्रार्थना ओठांनी करू नका, पोटात करा. फादरांनी पोटात केली.

आणि त्यांची आणखी एक तऱ्हा होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. जे आले नाहीत त्यांची जागा ते फोटोत मोकळी सोडायचे. खांद्याएवढी, मापात. कापडातून डोकं काढून बोट दाखवत सांगायचे, “इथे दुबई. इथे कुवेत. हा बोटीवरचा, त्याला जरा जास्त जागा ठेवा, तो जाडा आहे.” पोरांना पत्रं जायची, की तुझी जागा ठेवली आहे. एका मयताला एक म्हातारी गर्दीत ढकलली जाऊन त्या मोकळ्या जागेत आली. काका कापडाआतून गरजले, “मावशी, सरका! तिथे तुमचा मुलगा उभा आहे!” म्हातारी दचकून बाजूला झाली, आणि फोटो होईपर्यंत त्या रिकाम्या जागेचा हात धरल्यासारखी उभी राहिली. मी थापाड्या माणूस आहे, पण हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मग काकू गेल्या. मे महिना होता. एकुलती एक मुलगी बहारीनला नर्स. सकाळी तार केली. दुपारी तिची उलटी तार आली, की थांबा, परवा पोचते.

फादर म्हणाले, “थांबू या. कोळीवाड्यातून बर्फ आणू, दोन दिवस काढू.” मी तर सायकलही बाहेर काढली होती.

काका अंगणात उभे होते. त्यांनी मान वर करून आभाळ पाहिलं. उद्या ढग येतील असं वाटत होतं.

“उजेड आजचा बरा आहे,” ते म्हणाले.

आम्हाला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. पण ते गेले, काकूंच्या केसांतून तो कंगवा फिरवला आणि कॅमेरा बाहेर काढला. संध्याकाळच्या आत सगळं झालं. फोटो अप्रतिम आला. काकूंच्या साडीच्या काठावरची वेल मोजता येते. त्यात दोन जागा मोकळ्या होत्या.

परवाच्या दिवशी मुलगी आली ती विमानतळावरून तडक माझ्या दुकानावरच्या माडीत. मी मागोमाग गेलो. फोटो दोरीला चिमट्याने लावून वाळत घातला होता, कडेने अजून पाणी ठिबकत होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

“ही जागा कुणाची?”

“तुझी.”

“आणि ती?”

“माझी. मी कॅमेऱ्यामागे होतो.”

ती फोटोकडे पाठ करून वळली. मग म्हणाली, “पप्पा, मी येतच होते.” एवढंच. ती रात्र तिने मावशीकडे काढली आणि परत गेली. पुढची चार वर्षं नाताळला एक कार्ड यायचं. त्यावर छापलेलं जेवढं, तेवढंच. खाली सही.

काकांनी तिच्याविषयी चार वर्षांत माझ्याजवळ अवाक्षर काढलं नाही. मयतांचे फोटो काढत राहिले, जागा सोडत राहिले, आवाज मात्र वाढत गेला. माझ्या डोक्यावर माडीत ते एकटेच ओरडत असत, “हलू नका!” वर कुणीही नसायचं.

आणि एक दिवस ते दुकानात आले, हातात जाडसर पाकीट. माझ्या शिलाईच्या मशीनवर त्यांनी ते आपटलं.

“मास्तर, विमानात न्यायची बॅग शिव.”

पाकिटात मुलीने पाठवलेलं विमानाचं तिकीट होतं. तिचं लग्न ठरलं होतं तिकडेच, इस्पितळातल्या एका मलबारी मुलाशी. पत्र दोन ओळींचं. तारीख होती, चर्चचं नाव होतं, आणि शेवटी: ‘पप्पा, या.’

त्यांनी माझ्याच दुकानात, माझ्याच पेनाने उत्तर लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं. ती माझी जुनी खोड. लिहिलं होतं: ‘फोटोग्राफर सांगू नकोस. मी सगळं सामान घेऊन येतो.’ बाकी पान कोरं. मी कसा आहे, तू कशी आहेस, चुकलं, काही नाही. मला तेव्हा उमगलं, की हा माणूस तोंडाने तिच्याशी बोलू शकणार नाही. कॅमेऱ्याआड उभं राहून एकदा तिच्याकडे नीट बघता येईल, तिला ‘हलू नकोस’ म्हणता येईल, आणि त्यातच काय ते होऊन जाईल, अशी त्याची आशा होती.

पण बोलायचे ते फक्त बॅगेबद्दल. कॅमेरा सामानात टाकायचा नाही, हातातच न्यायचा, हा हट्ट. पापडीच्या एकाने दुबईहून आणलेला टेपरेकॉर्डर सामानातून असा आला होता म्हणे, की त्यातल्या बाईच्या गाण्यातही तडा गेला होता. म्हणून हातातली बॅग. ती सीटखाली मावली पाहिजे, सात किलोंत बसली पाहिजे, आणि आत लाकडी कॅमेरा, दोन भिंगांचा छोटा कॅमेरा, फ्लॅश, फ्लॅशची ती खांद्याला लटकवायची विटेसारखी बॅटरी आणि फिल्मच्या चौकटी, एवढं सगळं राहिलं पाहिजे. आधी बाजारात मिळते ती रेक्झिनची एअरबॅग आणली. पहिल्याच उचलीला कान हातात आले आणि बॅग जमिनीवर राहिली. मग एका डॉक्टरची जुनी चामड्याची पेटी मागून आणली. तिचं तोंड एवढं लहान की कॅमेरा आत जाईना. मग आलो मी.

विमानाची सीट आमच्यात कुणी पाहिलेली नव्हती. काका म्हणाले, सीट ती सीट. म्हणून आम्ही वसई डेपोत उभ्या असलेल्या एसटीत शिरलो आणि मी टेप घेऊन सीटखाली आडवा झालो.

कंडक्टर आला. “काय हरवलं?”

“विमानात जायचंय,” काका म्हणाले.

“ही अर्नाळ्याला जाते,” कंडक्टर म्हणाला.

त्या मापाने मी एक बॅग शिवली. ती रुंद झाली. दुसरी शिवली, ती काकांनी परीक्षेला वसईच्या किल्ल्यावर नेली. आत डझनभर अंडी ठेवली आणि तटावरून खाली सोडली. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा अकरा अंडी शाबूत निघतात आणि बाराव्यातून पिल्लू बाहेर येऊन सलाम करतं. खरं म्हणजे नऊ फुटली. काकांनी ती चिकट बॅग हातात धरून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच पोरीचं लग्न मोडलं. तिसऱ्या बॅगेत मी स्कूटरच्या सीटचा फोम घातला, चौथीत त्यावर ताडपत्री, वर रेक्झिन, खाली पत्र्याचा तळ, कडेने निवारीची पट्टी दुहेरी टाके घालून. ती चौथी किल्ल्यावरून पडली तेव्हा किल्ल्यालाच लागलं असेल. एकही अंडं फुटलं नाही.

माझी छाती फुगली. पण रिकामी उचलली तेव्हाच मला कळलं, की ही नुसती बॅगच अडीच-तीन किलोंची झाली आहे. पाचवी शिवायची माझ्यात ताकद नव्हती. आणि ही मोडायची, तर तिच्यासारखी बॅग मी आयुष्यात शिवली नव्हती. म्हणून शेठच्या वखारीत काटा साताला थांबला तेव्हा मी गप्प बसलो. म्हटलं, दीड-पावणेदोन किलोंनी कुणाचं काय अडतंय.

ठरल्या दिवशी भाड्याची फियाट केली. चिंचोटीच्या फाट्यापर्यंत काका बोलले नाहीत. बॅग मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर, अंगात लग्नाचा काळा कोट, मिशीला तेल. फाटा ओलांडल्यावर म्हणाले, “तिला उजवीकडून घ्यायला पाहिजे. डावा डोळा आईसारखा आहे, जरा मिटतो.”

मी पैसे भरून पाहुण्यांच्या तिकिटावर आत गेलो आणि कठड्याशी उभा राहिलो. काउंटरवर एक तरुण साहेब होता, अगदी सभ्य. त्याने बॅग काट्यावर ठेवायला सांगितली. त्याच्या काट्याला केळी ठाऊक नव्हती. पावणेनऊ.

“खोटं आहे!” काका ओरडले. अख्ख्या विमानतळाने मान वळवली. मला तर वाटलं, उडायला निघालेलं एक विमान दचकून पुन्हा टेकलं. “हे सात आहे! निर्मळला मोजलंय!”

साहेब हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, “अंकल, हा छोटा कॅमेरा गळ्यात अडकवा. ते चालतं.” काकांनी अडकवला. “आता ही बॅटरी. तशीही ॲसिडची बॅटरी विमानात नेता येत नाही, ती कुणाकडे तरी देऊन टाका.” मी कठड्यावरून हात पुढे केला. बॅटरी माझ्या हातात आली. बॅग पुन्हा काट्यावर. काटा साताच्याही आत.

“चला,” साहेब म्हणाला. “हॅपी जर्नी.”

इथे गोष्ट संपायला हवी होती. काका हलले नाहीत.

“बॅटरी नाही म्हणजे फ्लॅश नाही,” ते म्हणाले. “चर्चमध्ये अंधार असेल.”

“काका, तिकडे पन्नास बॅटऱ्या मिळतील. दुकानंच दुकानं आहेत तिकडे!”

“माझ्या फ्लॅशला लागणार नाहीत.”

“मग बाहेर काढा फोटो, उन्हात! नाहीतर काढूच नका! नुसते जा ना तुम्ही!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसा चेहरा मी त्यांच्या फोटोंत खूप वेळा पाहिला होता, पेटीच्या डोक्याशी उभ्या राहणाऱ्या माणसांचा.

“नुसता जाऊन मी तिथे काय करू?” ते म्हणाले. आवाज इतका खाली, की मला ओठांवरून ओळखावा लागला. “हात कुठे ठेवू?”

साहेबाने दोनदा नाव पुकारलं. मागची रांग पुढे सरकली, काकांना वळसा घालून. मग काउंटर बंद झालं. काका कठड्यातून बाहेर आले, गळ्यात कॅमेरा, हातात बॅग.

परत येताना घोडबंदरच्या खाडीवर मी तोंड उघडलं. “काका, शेठचा काटा मला माहीत होता. मी त्या दिवशी बोललो नाही.”

ते खिडकीतून बाहेर बघत होते. “चाळीस वर्षं केळी घालतो मी त्या काट्यावर,” ते म्हणाले. “मला माहीत नव्हता?”

यावर मी आजवर हजार वेळा विचार केला असेल, आणि हा आकडा फुगवलेला नाही. वजन जास्त भरेल हे माहीत असून ते निघाले होते. अडवलं जायलाच निघाले होते का, की अडवलं नाही तर जाऊ, असं देवावर सोडलं होतं? मला सांगता येत नाही. एवढं खरं, की परत फिरायला त्यांना जे निमित्त लागत होतं, ते मी दुहेरी टाक्यांनी शिवून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तार केली: येता आलं नाही. लग्न त्याच दिवशी संध्याकाळी होतं. तार वेळेत पोचली की नाही, कुणी विचारलं नाही.

काका त्यानंतर सहा वर्षं जगले. शेवटी शेवटी मयतांनाही जाईनासे झाले. लोक रंगीत फोटो काढणाऱ्या पोरांना बोलवायला लागले होते. त्यांच्या स्वतःच्या मयताच्या फोटोत कुणीतरी हललं आहे. पण ते असताना, विमानतळानंतर दोन वर्षांनी, मुलगी एकदा आली होती. नवरा बरोबर होता, मोठा शांत माणूस, मराठी कळायचं नाही तरी मान हलवायचा. मी भेटायला म्हणून निर्मळला गेलो. ती ओट्यावर बसून फरसबी मोडत होती. बापलेकीत बोलणं चाललं होतं, पण कसं, तर पाण्याचं, विहिरीचं, वाडीतल्या गड्याचं. काका नेहमीसारखं ओरडतही नव्हते. टोपलीतल्या शेंगा उचलून तिच्या हाताशी ठेवत होते.



“लग्नाचे फोटो आणलेस का?” त्यांनी विचारलं. “बघितले असते. कुणी काढले, कसे काढले.”

तिने हातातली शेंग मोडली, शीर ओढून काढली आणि दुसरी घेतली.

“काढले नाहीत,” ती म्हणाली. “तुम्ही येणार म्हणून कुणाला सांगितलंच नव्हतं.”